मांडीवरची लेक

इंडोनेशियातील आचे प्रांताच्या किनाऱ्यावरील आमच्या दवाखान्यात मी ज्वरामुळे रांगेत उभा होतो. माझ्यापुढे सेनुवारा नामक रोहिंग्या स्त्री बसली होती. त्याच सकाळी रजाली कोळ्याने तिला इतरांसह भरकटलेल्या होडीतून वाचवून आणले होते व आता तो तिच्यापाशी भात घेऊन बसला होता. पूर्वी मलेशियात पिनांगला राहिल्यामुळे तिला आमची भाषा अवगत होती. त्या उभयतांचे संभाषण मी येथे यथातथ्य नमूद करीत आहे.

"भात खा, बहिणी. कालवण तिखट आहे, पण दर्याच्या पाण्यापेक्षा बरं."

"भाऊ, आमच्या होडीत मढं असतं, तरी तुम्ही आम्हाला घेतलं असतं?"

"असं का विचारतेस?"

"आमची होडी हाकणारा तांडेल म्हणाला, कोळी अपशकुन मानतात, मढं दिसलं की तोंड फिरवतात. माझी लेक पहाटेच गेली होती. तुमची होडी दिसली, तशी मी तिला पाण्यात सोडली."

"आम्ही येत असताना?"

"दुसऱ्या अंगानं. तुम्हाला दिसू नये म्हणून."

"अगं, आमच्यात उलटं आहे. दर्यात मढं दिसलं, तर जाळं सोडून आधी ते किनाऱ्याला आणायचं. नियमच आहे तो."

"परक्याचं सुद्धा?"

"कोणाचंही. मशिदीमागं अनोळखी माणसांच्या कबरी आहेत."

"मग मी तिला मांडीवरच ठेवली असती, तर?"

रजालीने दाराशी बसलेल्या साथीदाराला हाक मारली.

"इद्रुस, होडीत डिझेल आहे का?"

"आत्ताच तर सगळ्यांना घेऊन आलो. आता कुठं?"

"सगळ्यांना नाही. एक पोर आणायचं राहिलंय."