डिकीतला बोल्ट

नाही नाही, असं दोन बोटांनी नाही — तळहात टेकवा आणि अंगाचा सगळा भार टाका. पुढच्या चाकाच्या वर, हां, तिथंच. बघितलंत? एकदा खाली, एकदा वर, आणि जागच्या जागी गप्प. अठ्ठावीस वर्षांची गाडी आहे, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि अजून डुलत नाही. स्प्रिंगा मी बदलल्या, सगळे रबरी बुश मी बदलले, इथंच, याच फरशीवर पाठ सोलवटून घेत. गॅरेजवाले काय करतात माहितीये? चाकं हवेत लोंबत असतानाच बोल्ट गच्च आवळून टाकतात. मग गाडी खाली उतरली की आतलं रबर पिळवटतं, आणि सहा महिन्यांत फाटतं. शेवटचा पीळ द्यायचा तो चाकांवर भार असताना, आत माणूस बसवून. कुणाला बसवलं म्हणजे? होता एक — धाकटा भाऊ माझा. बारक्या म्हणायचो घरात. चाकांखाली लाकडाचे ठोकळे, वर स्टिअरिंगला धरून बारक्या, आणि खाली पाना घेऊन मी. अख्खी दुपार वजन म्हणून बसवून ठेवला होता त्याला. जरा हलला की मी खालून शिवी हासडायचो, की तो मुद्दाम आणखी हलायचा. बसल्या बसल्या त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वायरिंगचा नकाशा काढला. म्हणजे एका परीनं गाडी त्याच्याच वजनावर बसवलेली आहे, काय करणार.

का विकतोय? गुडघे. दुसरं काय — आत बसायला पाच मिनिटं, बाहेर पडायला दहा, आमची ही दारात उभी राहून हसते. स्टिरिओ? आहे ना, चालतो, त्याचं काय एवढं. आधी इंजिन तर बघा. वायरिंग बारक्याचं. त्याचं दुकान होतं, गाड्यांना स्पीकर बसवून द्यायचा — हात चांगला होता, हे मी कुणासमोरही सांगेन. म्हणजे आता सांगेन. तेव्हा... तेव्हा वेगळं बोललो होतो. अहो, झालं काय, गाडी तयार झाली, पहिल्या फेरीला दोघं निघालो, त्यानं गाणं लावलं, आणि गाण्याच्या मागून शिट्टी. बारीक, कानात सुई घातल्यासारखी. पाय दाबला की शिट्टी चढायची, पाय उचलला की उतरायची. त्याचं तोंड एवढंसं झालं. तीनदा सगळं उपसलं त्यानं. सीटा काढल्या, गालिचा उचलला, स्पीकरांची वायर न् वायर नवी ओढली, अ‍ॅम्प्लिफायर बदलला. शिट्टी जिथल्या तिथं. चौथ्यांदा येतो म्हणाला तर मीच म्हटलं, पुरे झाली तुझी चिरफाड.

एवढ्यावर थांबायला हवं होतं मी. नाही थांबलो. त्याच्या दुकानात गेलो एक दिवस, चार गिऱ्हाईकं उभी होती, आणि त्यांच्यासमोर म्हणालो, “याला घरची एक गाडी धड करता येईना, तुमच्या कशाला देता?” हसत म्हणालो हं, थट्टा म्हणून. निदान मी तरी असंच सांगत आलोय. थट्टा असती तर एकदाच केली असती ना? जो गाडी बघायला येईल त्याला शिट्टी ऐकवायचो मी. बघा, भावाची करामत. दीड वर्षात दुकानाला कुलूप लागलं. आता दुसऱ्याच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, मोबाइलची कव्हरं विकतो म्हणे. आई गेली तेव्हा दोघं दोन कोपऱ्यांत उभे होतो — नऊ वर्षं झाली, शब्द नाही.

काय? हो, घासलेलंच आहे ते. डिकीत कशाला डोकं घातलंत तुम्ही? बरं, बघितलंत तर बघितलंत. तो अर्थिंगचा बोल्ट, काळी वायर तिथं गाडीच्या पत्र्याला जोडतात. खाली कोरा पत्रा लागतो, रंग असला की जोड नीट बसत नाही आणि इंजिनाची सगळी कटकट स्पीकरात शिरते. शिट्टी तिथूनच येत होती. मागच्या रविवारी विकायची म्हणून डिकी साफ करायला घेतली, बोल्ट सहज सैल केला, तर खाली रंग. पॉलिश पेपरनं नाण्याएवढं घासलं, बोल्ट परत आवळला, इंजिन चालू केलं, गाणं लावलं — गेली शिट्टी. पाच मिनिटांचं काम. बारक्यानं घासलं नव्हतं? घासलं होतं हो. पहिल्याच दिवशी, लखलखीत. म्हणून तर तिथं परत कधी बघितलं नाही त्यानं, स्वतःच्या हातानं घासलेल्या जागी कोण बघणार? मग रंग आला कुठून... आता डिकी मी रंगवली होती, तीन हात, ब्रशचा एक ओरखडा दिसू दिला नव्हता. आणि त्यात हा भुंडा डाग. तो जेवायला गेला होता, मी बोल्ट काढला, ब्रश फिरवला, वाळल्यावर बोल्ट होता तसा बसवला. अर्थिंगमधलं मला काय कळतं? आणि शिट्टी आली तेव्हा आठवलं नाही. नाही, खोटं कशाला बोलू. एकदा आठवलं होतं. तिसऱ्यांदा तो गाडी उपसत होता तेव्हा. म्हटलं, एवढ्याशा रंगानं काय होतंय.

लावा आता स्टिरिओ, लावा एकदाचा. पाय दाबा. अजून दाबा. आहे काही? काही नाही. स्वच्छ. गेल्या रविवारपासून मी एकदाही लावला नाही, तुम्हाला काय सांगू. माझं आपलं ठरलंय, गाडी गेली की विषय मिटला. घेताय ना? मग झालं तर.

नंबर? त्याचा कशाला? तुमच्या दुसऱ्या गाडीचं काम... बरं. घ्या लिहून. — नाही, वहीत बघायला नको, पाठ आहे. नऊ वर्षांत लावला नाही कधी, पण पाठ आहे. अहो, आत्ता नका लावू! इथून कशाला, घरी जाऊन लावा... लागला? माझं नाव नका घेऊ. गाडीचं सांगितलंत? कशाला सांगितलंत, वायरिंग छान आहे म्हणून — आता ओळखणारच तो. काय म्हणतोय? नको, मला नको तो फोन, हात मागे घ्या. काय विचारतोय ते सांगा नुसतं.

शिट्टी गेली का.

सांगा, नाही गेली. अजून तशीच आहे म्हणावं.

माझ्या तोंडाकडे काय बघताय? सांगा ना. फोन माझ्याकडेच धरला होतात? म्हणजे ऐकलं त्यानं? माझा आवाज ऐकला... ठेवला. ठीक आहे.

आणि गाडीचं? ... बरं. नका घेऊ, जबरदस्ती थोडीच आहे. शटर जाताना खाली ओढा तेवढं. किल्ली? ठेवा कुठंही — बॉनेटवर नको, रंगाला ओरखडा जाईल.