तात्पुरती ओळ

(तैपेई. दवाखान्यांसाठी नंबर दाखवणारी मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या मागची भाताची टपरी. जेवणाची सुट्टी.)

युश्वान : ...आणि मग छ्यूसाहेब काय म्हणाले माहितीये? पाकीट बदला.

पेईरोंग : मशीनवरचं?

युश्वान : हो ना ताई, मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतात ते क्वाई-क्वाई खाऊचं, हिरवं. म्हणे खाऊची तारीख उलटली की मशीन रुसणारच. चाळीस दवाखान्यांत आमची मशीन लटकतायत, डॉक्टर बावीसवर, पडदा चौदावर, एक आजी चौदा नंबर बघून तिसऱ्यांदा आत गेल्या, आणि इकडे साहेब, दोन इंजिनियर आणि मी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचतोय.

पेईरोंग : तू नाही ठेवत वाटतं.

युश्वान : ठेवते की. पण ठेवून झाल्यावर मशीन चालू होताना वाचतं ती बूटची फाईल पण उघडते. त्यात एक ओळ सापडली. मशीनचा कारभारी, तो कर्नेल, जागा होतो ना होतो तोच त्याला सांगते, प्रोसेसरच्या चारातला एकच कोअर वापर, मेमरी एक जीबीच आहे असं समज. नव्या मशीनमध्ये आठ जीबी आहे, ताई. समोर भरलेलं ताट आणि पोराला उपास.

पेईरोंग : मग काढायची.

युश्वान : काढली, माझ्या टेबलावरच्या मशीनवरून. काय पळायला लागलं. साहेबांना दाखवलं तर चेहरा असा, जसा मी देव्हाऱ्यातला देव हलवला. जुन्या माणसांनी विचार करूनच लिहिली असेल म्हणे. बोर्ड बदलले, पडदे बदलले, ओळ तीच. संध्याकाळपर्यंत परत घाल म्हणाले, नाहीतर शुक्रवारी तुझे चाचणीचे तीन महिने संपतात, नोकरीचं तेव्हा बघू.

पेईरोंग : असं म्हणाले?

युश्वान : हसत हसत. म्हणून तर तुला बोलावलं. तू आधी इथेच कामाला होतीस ना, वर्षाखेरीच्या जेवणाला अजून साहेबांच्या टेबलावर बसवतात तुला. सांग, कोण होता हा विद्वान?

पेईरोंग : भात खा, थंड होतोय.

युश्वान : नाही, नाव सांग. झोपेत लिहिलीय त्याने. आणि गंमत बघ, ओळीच्या वर स्वतःच टीप टाकलीय, 'तात्पुरतं, उद्या काढणे.' तीन वर्षं झाली. पाकिटाची तारीख दर महिन्याला बघतात, हिची एकानेही नाही बघितली.

पेईरोंग : प्रदर्शनाला दोन तास होते. एकच मशीन तयार होतं. स्वस्तातला बोर्ड, अर्धी मेमरी खराब, दुसरा कोअर जागा झाला की सगळं ठप्प. ती ओळ घातली आणि चाललं.

युश्वान : ताई...

पेईरोंग : दुसऱ्या दिवशी काढणारच होते. तोवर साहेबांनी त्याच मशीनची नक्कल पन्नास मशीनवर चढवली. सगळे टाळ्या वाजवत होते. मग तोंड उघडवेना.

युश्वान : मी ते विद्वान वगैरे...

पेईरोंग : बरोबरच होतं. सरक जरा, फोन लावते.

युश्वान : राहू दे ना. मी घालते ती ओळ परत. तुला किती मानतात ते.

पेईरोंग : श्श... छ्यूसाहेब, पेईरोंग बोलतेय. हो, जेवले. साहेब, ती ओळ माझी आहे. काढायची राहिली होती.