उघड्यावरचा कांदा

शेवटच्या वर्षाच्या पेपरात मी काय लिहिलं, ते मला आजही सांगता येणार नाही बघा. दुपारी नगरला आभाळ भरून आलं आणि तिकडं गावी काष्टीला आमचा काढलेला कांदा रानात पडलेला, घरी आई एकटी. लहानपणापासून कांदा झाकायला मी कधी चुकलो नव्हतो. बाकाखाली पाय ठरेनात. पर्यवेक्षक सर जवळ आले.

“सारखं खिडकीकडं काय बघतोस?”

“सर, कांदा उघड्यावर हाय.”

त्यांनीही आभाळाकडं बघितलं. “लिही गुमान. माझाबी दोन एकर पडलाय.”

मग आम्ही दोघंही खिडकीकडंच बघत राहिलो. अर्धा तास आधीच मी पेपर त्यांच्या हातात दिला.

“पळ,” सर म्हणाले, “मला पाचपर्यंत सुटका न्हाई. निदान तुझा तरी झाकला जाऊ दे.”