चांद कायले पाह्यजे?

तो पुढारी आठवला का माहं टाळकं आजही गरम होते, बाप्पा. कापसाचे लय हाल होते त्या सालची गोष्ट. आमच्या नेर गावात सुनंदा मॅडमनं शाळेच्या मैदानात दुर्बीण कंप्युटरले जोडली होती. संध्याकाळी उद्घाटनाले हे साहेब आले. त्यायनं बटण दाबलं, तं दुर्बीण चांद सोडून जमिनीकडं वळली. सॉफ्टवेअरमधी नेरच्या जागी भलत्याच देशातलं गाव राहून गेलतं.

साहेब हासले, “कापूस पिकून नाही राह्यला अन् तुमाले चांद कायले पाह्यजे?”

चांद पाहाले रांगेत उभ्या बायायचे चेहरे उतरले. मॅडम लालबुंद झाल्या. त्यायनं कंप्युटरमधी नेरचं नाव टाकलं, तशी दुर्बीण वर चांदावर गेली. साहेब डोळा लावाले वाकले, तं मॅडमनं हात आडवा घातला.

“साहेब, कापसाकडं पाहाले तुमाले निवडून देल्लं. चांदाकडं आमी पाहतो!”