पळून गेलेला ग्राहक

बेगल पावाच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे ग्रेटा तिच्या मित्राचा, डेस्मंडचा, सीव्ही तपासत होती. बँकेच्या इंटर्नशिपला अर्ज करायचा आज शेवटचा दिवस.

"नुसतं 'लोकांचे कुत्रे फिरवले' काय लिहितोस, येड्या? 'बारा ग्राहक सांभाळले, एकही गमावला नाही' असं लिही."

"एक पळाला होता गं."

"परत आला ना?"

"तिसऱ्या दिवशी. आपला आपण."

"मग लिही, 'दुरावलेला ग्राहक परत मिळवला.'"

"मी तर घरी झोपलो होतो."

"'शून्य खर्चात.'"

"पण आता दुसरं पान लागतंय."

"दुसरं पान दिसलं की बँकवाले सीव्ही फेकून देतात. काहीतरी काढ."

"काय काढू? कॉलेज, गणिताचं बक्षीस आणि कुत्रा, एवढंच तर आहे."

"गणित काढ."

"बँकेत जायचंय मला, ग्रेटा."

"म्हणूनच म्हणतेय, कुत्रा ठेव."