डावखुरी रायफल

(सिॲटल विमानतळावरच्या कस्टम्स ऑफिसातून बॉथेलकडे परतणारी गाडी. राजीव चालवतोय, शेजारी त्याची बायको सुलेखा, मागच्या सीटवर मुलगी प्रीता. प्रीता नामिबियाला शिकारीला जाणार आहे; डिकीत कुलूपबंद पेटीत तिची रायफल.)

राजीव: आणि मागच्या वेळी मी सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन गेलो होतो. पासपोर्टच्या, लायसन्सच्या, रायफलच्या फोटोच्यासुद्धा. प्रत्येकीवर सही. तो साहेब शांतपणे बघतो आणि विचारतो, सर, रायफल कुठे आहे?

प्रीता: बाबा, मी तुला सांगितलं होतं. ते रायफलवरचा नंबर स्वतः बघतात, मग ती परत देशात आणता यावी म्हणून कागदावर शिक्का मारतात. झेरॉक्सचं काय करणार ते?

राजीव: फाइल नीट असली की काम होते, असं मला वाटलं.

सुलेखा: एका शिक्क्यापायी दोन सुट्ट्या गेल्या तुझ्या. आज मिळाला ना? मग आता पुरे.

राजीव: पुरे कुठे? विमान कंपनीला आठवडाभर मेल टाकून राहिलो, कोणी उत्तर देऊन नाही राहिलं. नामिबियाच्या पोलिसांचा फॉर्म वेगळा. गोळ्यांची पेटी वेगळी. अगं, तुला लग्न करून इथं आणलं, तेव्हा एवढे कागद नव्हते लागले.

सुलेखा: मी कुलपात नव्हते आले.

प्रीता: एअरलाइनचं मी करते, बाबा. आई, तिकिटाचा ईमेल फॉरवर्ड कर ना. बुकिंग तूच केलंस उत्तरा मावशीच्या ट्रॅव्हल एजन्सीतून.

सुलेखा: घरी गेल्यावर करते.

प्रीता: आत्ता कर, प्लीज. जाताना कुठली फ्लाइट, येताना कुठली, दोन्ही सांगावं लागतं.

सुलेखा: येतानाचं कशाला?

प्रीता: आई, रायफल परत आणायची नाही का मी?

सुलेखा: येताना तू मुंबईवरून येणार आहेस.

राजीव: काय?

सुलेखा: पुढे बघ, ब्रेक लागलेत. मुंबई, तिथून नागपूर. चार दिवस आजीकडे, मग घरी. आफ्रिकेतून तेवढंच जवळ पडतं.

प्रीता: आई. ओ माय गॉड. मला विचारलं का नाहीस?

सुलेखा: विचारलं की तू रजा नाही म्हणतेस. दरवर्षी तेच.

प्रीता: मी मुंबईला रायफल घेऊन उतरू? तिथं वेगळं परमिट लागतं, ते कॉन्सुलेटमधून. त्याला महिने जातात. आणि तिथं शिकार बंद आहे, मग बंदूक कशाला आणली, काय सांगू त्यांना? आजीला दाखवायला?

सुलेखा: सामान थेट पुढे जात नाही का?

राजीव: चार दिवस बाहेर राहायचं म्हणजे सामान काढावं लागते, सुलेखा. तू मला तरी सांगायचं.

सुलेखा: तुला सांगितलं असतं तर तू त्याचीही झेरॉक्स काढली असतीस. आता ऐका. तुझ्या मैत्रिणीचे, त्या केटीचे वडील आहेतच की शिकारीला बरोबर. ते आणतील रायफल.

प्रीता: नाही आणता येत. हा कागद माझ्या नावावर आहे. नामिबियात पोलीस माझ्या नावानं आत सोडणार, तर मीच बाहेर न्यायची.

राजीव: मग मुंबई कॅन्सल कर. सोपं आहे.

सुलेखा: तू म्हणतोस हे? तुझी आई आहे ती.

राजीव: म्हणूनच म्हणतो. पोरीनं तीन वर्षं वाट पाहिली या ट्रिपची. आई समजून घेईल. दरवेळी समजून घेतेच ती.

सुलेखा: तिला सांगून झालंय माझं. कमोड बसवून घेतलाय तिनं.

प्रीता: काय?

सुलेखा: मागच्या वेळी तू बाथरूममध्ये रडलीस, ते विसरली नाही ती. तिला आता धड दिसत नाही, पण गवंड्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती म्हणे. सगळ्या गल्लीला सांगितलंय, नात येते म्हणून.

राजीव: मला नाही बोलली फोनवर.

सुलेखा: तू फोनवर विचारतोस गोळ्या घेतल्या का, आणि ठेवतोस.

प्रीता: आई, हे फेअर नाही. आता मी नाही म्हटलं तर मी वाईट.

सुलेखा: हो, नाही फेअर. चुकलं माझं. पण मला राहवलं नाही गं. पुढच्या वर्षी म्हणता म्हणता एके दिवशी आपण नुसतं तेराव्याला जाऊ.

राजीव: सुलेखा.

सुलेखा: बोलू दे मला. कोणीच बोलत नाही या घरात.

प्रीता: कॅम्पवर रायफली मिळतात भाड्यानं.

राजीव: मग झालं की. आधी नाही का सांगायचं? आपण इथं हेलपाटे घालून राहिलो.

प्रीता: सगळ्या उजव्या हाताच्या आहेत, बाबा. मी डावखुरी आहे. गोळी भरायला ओढायचा बोल्ट उलट्या बाजूला येतो. पहिली गोळी ठीक, पण दुसरी भरेपर्यंत ते कुडू हरीण डोंगरापलीकडे. ही मी स्वतः डाव्या हाताची बनवून घेतली. हिच्यावरच सगळी प्रॅक्टिस केली. आय लव्ह दिस थिंग.

राजीव: मग हीच ने. मी बोलतो आईशी.

प्रीता: काय बोलणार तू? गोळ्या घेतल्या का?

राजीव: पुढचा एक्झिट आपला आहे ना?

प्रीता: हो. बाबा, रडू नकोस, ड्राइव्ह कर. एअरलाइनला मेल नको आता. रायफल घरीच राहील.

सुलेखा: प्रीता, तुला जमेल उजव्या हातानं?

प्रीता: एक गोळी जमेल. लहानपणी नागपूरला गेलो की आजी जेवताना माझा डावा हात मांडीवर धरून ठेवायची. पूर्ण जेवण होईपर्यंत. किती राग यायचा मला. पण वरणभात उजव्या हातानंच खाते ना मी अजून.

राजीव: आणि हा शिक्का?

प्रीता: ठेव तुझ्या फाइलमध्ये. पुढच्या वेळी लागेल.

सुलेखा: एक कर, तिथे गेल्यावर शिकारीचं काही बोलू नकोस. सोवळंओवळं पाळणारी बाई ती. तिला सोसायचं नाही.

प्रीता: सांगणार आहे मी. ती एवढंच विचारेल, कुठल्या हातानं.