मला फक्त अडकत नाही अशी हवी होती

...विचारायचीच चोरी आहे हो या गावात! तुम्हाला सांगते, बॅजर फोर्कमध्ये कुणाला गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारा, पाच मिनिटांत सुटका, बायको का सोडून गेली विचारा, फार तर सात मिनिटं, पण "पहिली रायफल कुठली घेऊ?" असं चुकून जरी तोंडातून निघालं ना, तर कोट काढा, खुर्ची ओढा आणि घरी निरोप पाठवा की मेंढ्यांना चारा घाला, माझी वाट बघू नका! आणि मी मागत काय होते? चंद्र? मला फक्त अडकत नाही अशी हवी होती!

आता तुम्ही म्हणाल, थिया, तुला कशाला हवी गं रायफल? बरोबर आहे. टोस्टरमधून पाव वर उडाला की मी किंचाळते. रोज. पाव मीच घातलेला असतो, मीच समोर उभी असते, मला माहीत असतं की तो आता उडणार... आणि तरी! कॉलेजात चार वर्षं मी चर्चच्या रंगीत काचांचा इतिहास शिकले, का, तर काचा गप्प असतात. पण विनिफ्रेड मावशी शरद सरता सरता गेली आणि जाताना मला घर, लोखंडी शेगडी, एक टोपी आणि एक्केचाळीस मेंढ्या ठेवून गेली. "तू करशील," एवढंच म्हणाली. काय करशील ते नाही सांगितलं.

मार्चमध्ये कोकरं झाली. काय सांगू तुम्हाला ते दिवस... बर्फ वितळत आलेला, कुरणावर निळसर धूर, आणि त्या धुरातून इवल्या इवल्या हाका... मी दारात उभी राहायची नि हातातली कॉफी गार व्हायची. आणि मग कोल्हे आले. एका आठवड्यात तीन कोकरं. मागे काय राहिलं? कुंपणाच्या तारेला मूठभर लोकर.

डेल्मरमामा आला. मावशीचा धाकटा भाऊ हा, बोलतो कमी, दारातच बूट आपटतो जास्त. (प्रत्येक आपटण्याला मी एकेक इंच वर.) म्हणाला, "पोरी, सशाचं काळीज घेऊन कळप राखता येत नाही. लोकर कातरायच्या दिवसापर्यंत थांबतो. तोवर आणखी दोन गेली तर सगळा कळप मी लिलावाला नेणार. कोकरांचे हाल बघवत नाहीत मला, आणि तुझे तर त्याहून नाहीत."

झालं! सात आठवडे. मग मी काय केलं? शिकलेली मुलगी काय करणार, वाचायला बसले! शेगडीपाशी मासिकं पसरून पंधरा दिवस नुसतं वाचलं. एक चाप ओढला की एकच गोळी, पण पुढची आपली आपण नळीत येऊन बसते, दर वेळी खटका मागेपुढे ओढायला नको, ती ही सेमी-ऑटोमॅटिक. थरथरत्या हाताच्या माणसाला बरी, असं मला वाटलं. फक्त एकच भीती... ऐन वेळी रिकामं काडतूस मध्येच अडकलं तर? समोर कोल्हा, हातात अडकलेली रायफल आणि मागे कोकरू. या विचारानेच मी शेगडीपाशी बसल्या बसल्या घामाघूम. पण डोळे मिटले ना, की दुसरंच दिसायचं... मी टेकडीवर उभी आहे, डोक्यावर मावशीची टोपी, वाऱ्यावर केस (माझे केस वाऱ्यावर उडत नाहीत, चिकटतात, पण असो), कळप खाली ढगासारखा सांडलाय, मी रायफल उचलते, चाप ओढते... आणि आवाज कसा येतो? शेजारच्या खोलीत कुणी कपाट हलकेच लावावं तसा. टप्. बस्स. अशी रायफल दुकानात मिळते का हो?

म्हणून विचारायला गेले. चूक तिथंच झाली. सकाळच्या नाश्त्याला कॅफेत गेले, जिथं अख्खं गाव अंडी खात बसलेलं असतं, आणि लायलकाकांना विचारलं. लायलकाका ट्रॅक्टर दुरुस्त करतात, सरळ माणूस. म्हटलं, "काका, पहिली रायफल कुठली घ्यावी? अडकत नाही अशी." त्यांचा चमचा कॉफीत थांबला. डोळे खिडकीबाहेर गेले. आवाज असा मऊ झाला, "माझी पहिली... बारा वर्षांचा होतो गं... बाबांनी घोंगडीत गुंडाळून आणली... बाहेर धुकं पडलेलं..."

"पण काका, ती अडकते का?"

"कोण?"

"रायफल!"

"हां, ती अडकते की कधीमधी. पण अक्रोडाचा दस्ता, पोरी! आणि त्यावर बाबा गाल टेकायचे ना, तिथं लाकूड असं काळसर, गुळगुळीत झालेलं..."

पलीकडच्या टेबलावरून वेंडेल तडकला, हा पोस्टमन. "अक्रोड काय घेऊन बसलास? तिला प्लास्टिकच्या दस्त्याची दे, पावसात फुगत नाही. माझ्या बापाने मला..." आणि तोही गेला! डोळे खिडकीबाहेर! तुम्हाला सांगते, सकाळी साडेआठ वाजता त्या कॅफेत पाच धिप्पाड पुरुष आपापल्या बापाबरोबर पाच वेगवेगळ्या धुक्यांत उभे होते, आणि मी मध्ये बसून गार अंडं खात होते. या गावात रायफल विचारली की बाप निघतो. मला कुणाचा बाप नको होता. मला फक्त अडकत नाही अशी हवी होती!

शेवटी गेले ऑर्व्हिलकडे. बंदुकांचं दुकान त्याचंच, तिथंच हातमोजे, गळाला लावायची गांडुळं आणि फार जुनी कॉफीही मिळते. दाराला घंटा आहे. मी दचकले. दार मागे आपटलं. परत दचकले. ऑर्व्हिल चष्म्यावरून बघत म्हणाला, "संपलं का तुझं? ये आता आत." मी माझी यादी काढली, चार पानं, रंगीत शाईत. त्याने ती वाचली, नीट घडी केली आणि डुगडुगणाऱ्या काउंटरच्या पायाखाली सरकवली!

"हे बघ बाळ. एक, खांद्याला बसते का बघ. लांब दस्त्याची घेतलीस तर चोच पुढे काढलेल्या बदकासारखी दिसशील. दोन, या गावात हिवाळ्यात जी काडतुसं मिळतात तीच घे, नाहीतर भिंतीवर टांग. तीन, बिघडली तर लायलला दुरुस्त करता येईल अशी घे. चार, चार लोकांनी वीस वीस वर्षं वापरलेलं साधं मॉडेल घे, अंगाला खेळणी लटकवू नकोस, तेच पैसे काडतुसांत घाल नि सराव कर. आणि अडकायचं म्हणशील तर स्वच्छ ठेवली, चांगलं काडतूस घातलं, गोळ्यांचं मॅगझिन आपटलं नाही, की बहुतेक अडकत नाहीत. घाणेरड्या ठेवल्या की सगळ्या अडकतात. आता रविवारी ये खाणीवर."

आमच्याकडे रीतच आहे ही. कुणी नवीन माणूस रायफल घेणार म्हटलं की रविवारी चर्च सुटल्यावर सगळे जुन्या खडीच्या खाणीत जमतात, आपापली घेऊन. शिवाय बटाटे-चीजची परात. लग्नाला मुली दाखवाव्यात तशा गाड्यांच्या मागच्या फळीवर रायफली मांडलेल्या, आणि मालक शेजारी उभे, डोळ्यांत पाणी. "हिला हलकेच धर हं." "आमची जरा लाजाळू आहे." आणि ऊन असं मधासारखं, खाणीच्या तळाला हिरवं पाणी, त्यात ढग... मी ढगच बघत होते. तेवढ्यात लायलकाकांची हातात आली. कानांवर आवाज अडवणारे गोळे, डोळ्यांवर चष्मा, नेम... आणि धडाम्! डोळे उघडले तर नळी आकाशाकडे, आणि टेकडीमागून बदकं उडालेली.

"मिटलेस डोळे," मामा म्हणाला. "नाही मिटले!" "बरं. ही घे, मीच भरलीय." मी नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला आणि... खट्. नुसतं खट्. आत नकली काडतूस! धडाम् झालंच नाही, हो. कणभर नाही. आणि मी? मी टुण्णकन उडाले, रायफलीसकट अर्धं पाऊल मागे! सगळी खाण हसली. बटाटे वाढणारी बाई परातीवर वाकून हसली. मामा गंभीरपणे म्हणाला, "रायफल नाही अडकत, पोरी. तू अडकतेस."

मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. तेव्हा ऑर्व्हिलने आपल्या गाडीतून एक किडकिडीत, लहान गोळीची बावीसची काढली. "हिचा धक्का नसतो. दहा मार. मोजू नकोस, ऐकू नकोस, समोरचा डबा बघ." पहिल्या चारला मी दचकले. पाचव्याला थोडी. सहाव्याला... काय झालं कुणास ठाऊक, डबा फार सुंदर दिसायला लागला. टोमॅटो सूपचा डबा, त्यावर ऊन... सात, आठ... आवाज होता, पण तो माझाच होता, मला विचारून होत होता. आयुष्यात पहिल्यांदा! दहावी गोळी झाली तेव्हा खाण गप्प होती. डब्याला एकही लागली नव्हती, म्हणून गप्प होती. पण मी दचकले नव्हते!

"हीच," मी म्हटलं. ऑर्व्हिल म्हणाला, "ही मी देत नाही, ही माझ्या बापाने..." "ऑर्व्हिल!" "बरं बरं, अश्शीच दुसरी देतो. कोल्ह्याला लहान पडते हं, जवळ असेल तरच. पण आधी शीक, मग मोठी घे." फॉर्म भरला, त्यात उंचीच्या रकान्यापाशी वीस मिनिटं अडले, चौकशी झाली, कुलपाची पेटी घेतली, रायफल घरी आणली. रोज संध्याकाळी साफ करते. तेलाचा तो वास, शेगडी, दिवा... आता मला विचाराल तर...

नको. कोल्ह्याचं सांगते. एप्रिलमधली पहाट. गोठ्यापाशी उलट्या बादलीवर बसलेय, डोक्यावर मावशीची टोपी, त्यावरून कानांचे गोळे, सगळं कसं कापसात गुंडाळल्यासारखं. धुकं जमिनीलगत वाहतंय. आणि त्यातून तो आला, पाण्यातून वर यावा तसा. चाळीस पावलांवर थांबला. पिवळे डोळे. मागे मातीचा उंच बांध, इकडे माझ्या पाठीशी कोकरं. किती वेळ बघत होतो एकमेकांकडे... मी अंगठ्याने सेफ्टी सरकवली. मला ऐकूही नाही आलं. टिक् झालं असेल. आणि कोल्हा... दचकला! चारी पाय हवेत! अहो, मी ओळखते ती उडी. ती माझी उडी आहे. टोस्टरपुढची! त्याला मारवेना हो मला. तो बाजूला झाला तसं मी त्या बांधात दहाच्या दहा गोळ्या घातल्या, एकामागून एक, आणि एकही अडकली नाही.

मग रोज पहाटे तेच. महिनाभरात त्याने मुक्काम नदीपलीकडे हलवला. लोकर कातरायच्या दिवशी मामाने कोकरं दोनदा मोजली. "मारलास?" "नाही." "चुकली?" "बांधाला बरोबर लागली." त्याने मावशीची टोपी खुंटीवरून काढली, झटकली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि बूट न आपटता गेला.

सुखान्त, नाही का? थांबा. परवा दुकानात एक मुलगी आली. मार्लिस, नदीपलीकडे शेळ्या घेऊन नुकतीच राहायला आलेली, हातात यादी, घंटेला दचकली. तिने बिचारीने मला एवढंच विचारलं, "पहिली कुठली घ्यावी हो? अडकत नाही अशी." आणि मी... माझे डोळे खिडकीबाहेर गेले. आवाज मऊ झाला. "माझी पहिली... धुकं पडलेलं गं..." भानावर आले तेव्हा ऑर्व्हिलची कॉफी संपलेली होती आणि मार्लिस गेलेली होती.

तिने काय घेतलं माहीत आहे? गाढव! राखणीचं गाढव! कोल्ह्याला लाथा घालतं. म्हणे, अडकत नाही, तेल लागत नाही, आणि कुणाच्या बापाची गोष्ट ऐकावी लागत नाही. शेळी एक गेली नाही तिची. आणि तुम्हाला सांगते, रोज पहाटे, मी रायफल मांडीवर घेऊन त्या बादलीवर अगदी शांत, अगदी निवांत बसलेली असते... आणि नदीपलीकडून ते गाढव ओरडतं. अख्ख्या बॅजर फोर्कमध्ये दचकणारी मी एकटीच. कोल्हासुद्धा सरावला आता.